मापाचे कान

डेल प्रूइटनं नऊ पिल्लं आणली त्या मंगळवारी,
पिकअपच्या मागे नाही, पुढे, स्वतःच्या शेजारी,
हीटर लावून, सफरचंदाच्या खोक्यात.
आयोवातला जानेवारी. दवाखान्याच्या काचेला आतून बर्फ.
आठ आठवड्यांची डोबरमन.
शेपट्या तिसऱ्याच दिवशी गेल्या होत्या.
तेव्हा भूल देत नाहीत;
डोळे उघडलेले नसतात, म्हणून दुखतही नसेल
असा एक समज आहे.
मी तो एकोणीस वर्षं वापरला,
धुऊन, वाळवून, पुन्हा.

माझं काम डोकं धरायचं.
डॉक्टर वेस्टरहॉफ निळ्या शाईनं रेघ आखायचे,
डावा झाला की उजवा, पट्टी लावून.
त्यांच्या हाताला नाव ठेवायला जागा नव्हती.
चिमटा बसला की कानाची कड पांढरी पडते,
मग पातं जातं कडेकडेनं,
कापडाचा काठ कातरावा तसं.
झोपेत पिल्लाची जीभ हलत असते,
दूध पीत असल्यासारखी.

कापलेलं सगळं स्टीलच्या ट्रेत.
बाहेरून मखमल, आतून गुलाबी, अजून ऊबदार.
अठरा.

डेल वाईट माणूस नाही, हे लिहून ठेवते.
कुत्री व्यायली तेव्हा चार रात्री गोठ्यात झोपला होता तो,
सगळ्यात बारक्याला ड्रॉपरनं दूध पाजलं त्यानं.
"सोडले असते गं कान," म्हणाला, टोपी हातात फिरवत,
"पण पडक्या कानांचा डोबरमन दिसला
की लोक विचारतात, कशाशी मिसळलाय?"
पूर्वी म्हणे राखणीसाठी कापायचे,
झटापटीत कान दुसऱ्याच्या दातांत सापडू नये म्हणून.
ही नऊ जणं राखण करणार होती
डेस मॉइनमधल्या गालिच्यांची.

मी सहा वर्षांची असताना आई रात्री
माझे कान चिकटपट्टीनं डोक्याला चिकटवायची.
शाळेतला फोटो जवळ आला होता.
माझे बसावेत म्हणून. ह्यांचे उभे राहावेत म्हणून.
आईही वाईट नव्हती.
सकाळी पट्टीबरोबर केस निघायचे,
आणि ती फुंकर घालायची, बराच वेळ.
कानांनी काही ऐकलं नाही.

दुपारी डेलची नात आली, मार्नी, लाल हातमोज्यांची.
तोवर पिल्लांच्या डोक्यावर कागदी पेले पालथे,
त्यांना उरलेले कान ताणून बांधलेले.
ती तिकडे बघितलं न बघितलं करून
ट्रेजवळ जाऊन उभी राहिली.
विचारलं काहीच नाही.
संध्याकाळी टाकून देताना मी मोजले, सतरा.
पुन्हा मोजले.
खिडकीबाहेर ती पिकअपमध्ये चढत होती,
एक हातमोजा घातलेला,
दुसरा ओंजळीत, पाणी सांडू नये तसा.

त्या टेबलापाशी उभी राहून मी इतका कानाडोळा केला,
त्यातला हा एकच आठवावासा वाटतो.

दहावं पिल्लू माझ्याकडे आहे.
छातीवर पांढरा डाग, मापापेक्षा मोठा,
म्हणून रिंगणातून बाद,
म्हणून त्याच्यावर कापायचा खर्च फुकट,
म्हणून कान वाचले.
खोट निघाली म्हणून अख्खा राहिला,
शेपूट सोडून. ते गेलं तेव्हा
डाग अजून कुणी मोजला नव्हता.

नाव प्लम.
पाणी पिताना कान भांड्यात बुडतात,
मग येऊन माझ्या मांडीला पुसतो.
ओले राहिले की आतून खाजतात, औषध घालावं लागतं;
ते डेलला मी सांगत नाही.

जूनमध्ये वादळं येतात.
भ्यालेला कुत्रा शेपूट घालतो.
हा टेबलाखाली शिरून
बोटभर ठोंब खाली दाबत राहतो,
दाबत राहतो, मग मागं वळून बघतो,
तिथं काहीतरी ठेवलं होतं आणि आता सापडत नाही, तसा.

मी खाली बसते.
त्याचं डोकं धरते.
ते काम मला येतं.