चार तोळे

पाकिटाच्या पाठीवर, बारकोडच्या शेजारी
अक्षरं इतकी बारीक की चष्म्याचं काम नव्हे.
कपाटातून भिंग काढलं.
याच भिंगातून चाळीस वर्षं
उद्यमनगरच्या शेडमध्ये व्हर्निअरच्या रेघा वाचल्या.

दर शंभर ग्रॅमला:
ऊर्जा तीनशे ऐंशी, प्रथिनं बारा,
कर्बोदकं सहासष्ट, त्यात साखर एक,
तंतू दहा,
आणि सोडियम नऊशे पन्नास मिलिग्रॅम. हे मसाल्याचं.
त्याखाली, अजून बारीक:
ही मूल्ये सरासरी आहेत.

सरासरी?
ड्रॉइंगवर असं लिहून कुणी पाठवलं असतं
तर मी जॉब चकवर चढवलाच नसता.
किती थाऊ वर, किती थाऊ खाली,
तेवढं सांगा की.

सहा पाकिटं पोरगा पुण्याहून ठेवून गेला.
डॉक्टर नरगुंदे म्हणाले होते,
सुगंधाबाईंची साखर नऊ पॉइंट एक,
तीन महिन्यांची.
तीही सरासरीच.
म्हणजे गौरीच्या करंज्या आणि नंतरचे उपास
एकत्र मिसळून भागलेले.

एका वेळी चाळीस ग्रॅम घ्या, असं पाकीट म्हणतं.
मी पेन्सिलीनं भिंतीवरच गुणाकार केला,
तंतू चार, सोडियम तीनशे ऐंशी.
सुगंधा म्हणाली, "मी खातो की.
पण चाळीस म्हंजे कुठली वाटी?"

घरात तराजू नाही.
घरात तिचा हात आहे, आणि तो कधी चुकला नाही,
पण आता हाताला भागाकार करायला कोण सांगणार.

डब्यात ओट्स घेऊन गुजरीला निघालो.
गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशी उभ्या,
माणसं धारोष्ण दुधाचे पेले तोंडाला लावून.
पेल्यावर कसला तक्ता नव्हता.
फेस काठाच्या वर आला की माप पुरं.
मीही एक पेला घेतला.
घरी सांगितलं नाही.

रघुवीर पोतदार डब्यात डोकावला.
"काय आणलंस हे, म्हशीची चुणी?"
कुडी बघायला आलेली बाई हसली,
कुडी कानातच ठेवून थांबली.
त्यानं काचेच्या पेटीतल्या काट्यावर कागद ठेवला,
शून्य केलं,
मी चिमटीनं सोडत गेलो.
अडतीस पॉइंट सहा. एकोणचाळीस पॉइंट नऊ.
शेवटची दोन पाती त्यानंच टाकली.

"चार तोळे," सवयीनं बोलून गेला.

एकोणऐंशी साल. हीच पेढी.
याच्या वडिलांनी पितळी तराजूत
सुगंधाच्या पाटल्या ठेवल्या होत्या.
चार तोळ्याला एक गुंज कमी भरल्या.
गुंज म्हणजे खरी, लाल, काळ्या डोळ्याची,
म्हाताऱ्यानं ती पारड्यात टाकून दाखवली होती.
महिन्याभरात शेडमध्ये लेथ आलं,
साडेचार फुटी, सेकंडहँड,
मागच्या मालकाचं नाव पत्र्यावर तसंच.
पहिला जॉब घरी नेऊन दाखवला तेव्हा
तिनं तो बोटात अडकवून बघितला.
बुश होता, पाऊण इंची. बसला नाही.

"मजुरी लावत नाही जा," पोतदार म्हणाला.
कागद उचलताना थोडी पाती खाली सांडली.
मी वाकणार, तर म्हणाला, राहू दे,
इथं काही झाडून टाकत नाहीत.
सोमवारी झारेकरी येतो,
पेढीची माती पाटीत धुतो,
सोन्याचा कण काढून घेतो.
या वेळी त्याला खीर मिळेल.

घरी येऊन ती चाळीस वाटीत ओतली,
पातळीला टोकाची सुई लावून
आतून एक रेघ मारली, केसाएवढी.
स्टीलची वाटी, पण हात अजून थरथरत नाही.
ओट्स शिजले. मसाल्याची पुडी
निम्मीच टाकली, मनानं.

सुगंधा खाऊन झाल्यावर वाटी विसळत होती.
बोट आतून फिरवताना थांबली.
"ही कसली रेघ?"
चार तोळ्याची, म्हटलं.

नळ तसाच चालू होता.
मग ती म्हणाली, "उद्यापासनं
एक गुंज कमी घाल,"
आणि ठेच्याच्या बरणीकडं बघितलं.