उसनी पिसं

वूच शहरात, जुन्या गिरण्यांमागच्या वसाहतीत
आम्ही इमारतींना कोट चढवत होतो,
पांढऱ्या थर्माकोलचे, हिवाळ्यासाठी.
माझ्या हातात फेसाची बंदूक.
भेग दिसली की भरायची, भोक दिसलं की बुजवायचं,
मजुरी मीटरवर.

सातव्या मजल्यावर, छताच्या वळचणीला
एका भोकात फेस सोडला
आणि फेस ओरडला.

हात घालून काढलं ते मूठभर काळं काहीतरी.
उजव्या पंखावर फेस
पावासारखा फुगत, कडक होत चाललेला.
मुकादम खालून म्हणाला, "दे सोडून, उडेल."
मी हेल्मेट काढलं,
हेल्मेटात हातमोजा, मोज्यात पाकोळी,
आणि जेवणाच्या सुट्टीआधीच शिडी उतरलो.

तळमजल्यावर होनोराता बाई राहते.
चाळीस वर्षं गिरणीत कापड रफू करायची,
आता पाखरं करते.
दार उघडून तिनं आधी हेल्मेट पाहिलं, मग मला.
"तूच का तो, भोकं बुजवणारा?"
हो म्हणालो.
दुसरं काय म्हणणार?

तिनं कापसानं, तेलानं, नखानं फेस सोलला.
त्याच्याबरोबर पाच पिसं आली,
बुडख्यापाशी मोडून.
"नवी कधी येतील?"
"हिवाळ्यात. आफ्रिकेत."
आणि आफ्रिकेत पोचायला
हीच पाच लागतात.

शिलाई मशीनच्या खणात पाकिटं होती.
प्रत्येकावर तारीख, वजन, डावा की उजवा.
तिनं चष्मा कपाळावर सरकवून एक काढलं:
मागच्या जुलैत मेलेली एक,
उजवा पंख, सहावं ते दहावं.

उसनं अवसान मला ठाऊक होतं,
तेवढ्यावरच मी रोज सात मजले चढतो.
उसने पंख पहिल्यांदाच पाहिले.

बांबूची काडी तिनं तासली, सुईहून बारीक.
अर्धी मेलीच्या पिसात,
अर्धी जितीच्या बुडख्यात,
मध्ये डिंकाचा एक थेंब.
"धर," म्हणाली. "आवळू नकोस. सोडूही नकोस."
असं मला आजवर कुणी काही धरायला दिलं नव्हतं.
चाळीस ग्रॅम.
त्यातली निम्मी तरी नुसती धडधड असावी.

मग अठरा दिवस
कामावरून सुटलो की तिच्या स्वयंपाकघरात.
ती चिमट्यानं रातकिडे भरवायची,
मी मोजायचो. मोजण्यात मी पक्का.
आत आणखी काही होतं का,
हे तिनं विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही
की दोन अंडी होती,
फेसात नीट बसलेली,
लांबच्या गावी पाठवायला कुणी बांधून ठेवावीत तशी.

ट्रामच्या शेवटच्या थांब्यामागे
नुकतंच गवत कापलेलं माळ.
"माझा खांदा वर जात नाही," ती म्हणाली,
"तुला उंचीची सवय आहे."
मी तळवा उघडला, हात ताणला.
पाकोळी बसूनच.
सगळं अंग थरथरतंय,
थंडीत मोटार सुरू करावी तसं.
पाच मिनिटं. सात.
माझा हात दुखायला लागला, मी हलवला नाही.
ती माझ्या बोटांवर शिटली
आणि गेली.

आधी खाली, इतकी खाली
की मी डोळे मिटले.
होनोराताबाईनं दंडाला चिमटा काढला,
"बघ, मूर्खा."
तोवर ती वर होती, वरच्यांत मिसळलेली,
आणि कुठली पाच पिसं कुणाची
खालून काही कळेना.

परतताना ट्राममध्ये तिनं विचारलं,
"सोमवारी कुठली इमारत?"
"अकरा नंबर."
रिकामं पाकीट तिच्या हातात होतं.
तिनं तारीख खोडली,
पण पाकीट चुरगळलं नाही,
घडी घालून पर्समध्ये ठेवलं.
"लागेल," म्हणाली
आणि खिडकीबाहेर बघत बसली.