दोन पिना

गेलं, म्हणाल्या सेन्योरा सोइला,
आणि मांडीवरून उतरवून ठेवलं ते माझ्या टेबलावर.
तीनचाकीतून आणलेलं,
चेरीच्या चित्रांच्या टेबलक्लॉथमध्ये गुंडाळून.
बाहेर इकितोसची दुपार, पत्र्यालाही घाम फुटावा अशी.

गेलं म्हणजे काय, मी विचारलं.
बटण दाबलं की काहीच नाही.
आवाज? नाही. दिवा? नाही.
जळका वास? त्यांनी जरा आठवून पाहिलं.
वास येतो, पण तो बंदरावरच्या माशांचा.

लाँचची तिकिटं विकतात त्या.
कोण कुठे झोळी बांधणार, किती कोंबड्या, किती पोती,
कोणाचे पैसे यायचेत, सगळं ह्याच्या पोटात.
परवा पुकाल्पाची लाँच, एकशे चाळीस माणसं.
आमच्या शहराला रस्ता येत नाही.
नवा पॉवर सप्लाय मागवला तर तोही येणार लाँचनेच,
आणि लाँचची यादी इथे अडकलेली.

सुरुवात मी भिंतीपासून करते.
प्लग नीट बसवला होता का, असं विचारलं की लोकांना राग येतो,
पहिलीच्या वर्गात परत बसवल्यासारखा.
विचारते तरी. निम्मी मेलेली यंत्रं
सॉकेटापाशीच उठून बसतात.
मागचा छोटा स्विच पाहिला. वायर बदलली.
ढिम्म.

झाकण उघडलं. आत अकरा वर्षांची धूळ,
मुंग्यांनी सोडून दिलेलं एक घर,
आणि एक चिल्लर नाणं.
हे कुठून गेलं आत?
सेन्योरा सोइला छताकडे बघू लागल्या.
ब्रश मारला. रॅमच्या पट्ट्या उपसल्या,
खोडरबराने घासल्या, खटकन् परत बसवल्या.
ढिम्म.

मग पेपरक्लिप.
सरळ केली, वाकवली, एक टोक हिरव्या तारेच्या भोकात,
एक काळीच्या.
सप्लायचा पंखा फिरला.
त्यांनी छातीवर क्रूस काढला.
थांबा हो, मी म्हटलं, हा नुसता पंखा आहे.
पण वीज इथवर येत होती, एवढं कळलं.
सगळं जोडून पाहिलं तर बोर्डावर एक हिरवा ठिपका लागलेला.
तो पहिल्यापासूनच लागलेला असणार,
धुळीखाली. मीच पाहिला नव्हता.

काखेत कळसा म्हणतात तो हा.

बोर्डाच्या कोपऱ्यात दोन पिना असतात,
मुंगीच्या मिशांएवढ्या.
बटणाकडून आलेली तार मी त्यांच्यावरून काढली
आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक दोघींना एकदम टेकवलं,
टिचकी मारावी तेवढंच.

घरघर.
एक बीप. मग पडद्यावर अक्षरं,
रांगेने, काही न घडल्यासारखी.

यंत्र धडधाकट होतं.
हाक त्याच्यापर्यंत पोचत नव्हती, इतकंच.

बटण सोडवून हातात घेतलं.
प्लॅस्टिक मधोमध झिजून खोलगट झालेलं, बशीसारखं.
सेन्योरा सोइलांनी आपला अंगठा त्यात ठेवून पाहिला.
सैल पडला.
आदेमार दाबायचा, म्हणाल्या. रोज पहाटे पाचला,
बूट घालायच्याही आधी.
आदेमार कोण ते मी विचारलं नाही.
अंगठा त्यांनी बराच वेळ उचलला नाही.

दुरुस्ती म्हणाल तर एवढीच:
खालच्या लहान बटणाची, रिसेटची, तार काढली
आणि त्या दोन पिनांवर चढवली.
आता हे दाबायचं, मी दाखवलं. छोटं.
आणि मोठं?
मोठं परत बसवते जागेवर. ते आता कशालाच जोडलेलं नाही.
असू दे, म्हणाल्या.

आतली बटणाएवढी बॅटरीही संपली होती.
यंत्राच्या मते आज एक जानेवारी दोन हजार नऊ,
वेळ रात्रीचे बारा वाजून चार मिनिटं.
मी बोटं कीबोर्डवर ठेवून थांबले.
तारीख बदलू ना?

बदला की, म्हणाल्या सेन्योरा सोइला
टेबलक्लॉथ झटकत.
लाँच परवाची आहे.