उन्हाळी

ऐन पौषात लागली मला उन्हाळी.
निपाणीच्या वखारीत नाकाला पदर बांधून
तंबाखू निवडत बसलेल्या आम्ही तेवीस जणी,
आणि मी मांडीवर मांडी आवळून.

"काय गे, अशी का बसूलीस?" नागव्वानं विचारलं.
मग प्रत्येकीकडून एकेक औषध निघालं,
कनवटीतून सुपारी निघावी तसं.

धने-जिऱ्याचं पाणी प्यायले तीन दिवस.
गार वाटलं, घशापर्यंत.
नागव्वाचं नेग्गिलु, म्हणजे आपलं गोखरूच,
काट्यांसकट उकळलेलं.
फेऱ्या वाढल्या,
आग तेवढीच, फेऱ्यांत वाटली गेली.

स्टँडसमोरच्या मेडिकलवाल्यानं गुलाबी बाटली दिली,
दोन टोपणं पेलाभर पाण्यात.
चव गोटीसोड्याची, मला आवडली, खोटं कशाला बोलू.
तिसऱ्या बाटलीला नुसती चवच उरली.

मग शेंदरी गोळी.
अर्ध्या तासात सगळं मुकं!
मोरीत शेंदूर सांडल्यागत धार,
पांढऱ्या परकरावरचा डाग अजून निघाला नाही.
वाटलं, सुटले.
त्याच रात्री हुडहुडी भरली.

सरकारी दवाखान्यात विजापूरकडची नवी डॉक्टरीण.
"उरी ऐतेन्री?"
माझा हात छातीवर गेला.
उरी म्हणजे आमच्यात इथं की ओ.
ती हसली नाही. ओटीपोटाकडं बोट केलं,
"उरी. जळजळ."
"ऐत्री," म्हटलं, "दोन्हीकडं."

मोडक्या मराठीत तिनं समजावलं:
शेंदरी गोळी ओरडणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवती,
मारणारा आतच असतो.
गुलाबी औषध धार मऊ करतंय, तेवढंच.
ह्या कॅप्सूल पाच दिवस, सकाळ-रात्र,
बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत.
(नागव्वानं तिसऱ्या दिवशी सोडलेल्या.
तिचं दुखणं दर महिन्याला माहेरी येतं.)

पाकिटावरचं कन्नड पोरानं वाचून दाखवलं:
हेच्चु नीरु. जास्त पाणी प्या.
बाटलीवर तेच, चिठ्ठीवर तेच.
पिऊन जायचं कुठं
ते कुठल्याच भाषेत छापलेलं नाही.

वखारीच्या संडासाला कुलूप,
किल्ली दिवाणजीच्या खिशात, सहा वाजेपर्यंत.
आज दोन तांबे पिऊन त्याच्या टेबलापुढं उभी राहिले.
"कशाला?"
"उन्हाळी लागलीय."
"थंडीत कसली उन्हाळी," वहीतून मान न काढता म्हणाला.
काट्यावरचे गडी हसले.

पुढं केलेला हात मी तसाच ठेवला.
मागं नागव्वा उठली, गुडघे वाजले तिचे.
मग आणखी कुणीतरी पदर झाडला.