छेद

जून. पुंता अरेनासमध्ये सकाळचे नऊ,
बाहेर अजून रात्रच.
पडद्यावर अकरा चौकटी,
नाहुएलची काळी.

मी अपूर्णांक शिकवत होते,
आणि त्या काळ्या चौकटीतून
एक बाई दबक्या आवाजात म्हणाली,
भाड्याचं उद्या बघू, पोरगा वर्गात आहे.
मग काहीतरी फुटलं. बशी असावी.

कुणी हसलं नाही,
पण कुणी नजरही वळवेना.
बावीस वर्षं शिकवतेय मी,
मला शब्द सुचेना.

तेवढ्यात मिल्यारायनं हात वर केला:
"बाई, छेद म्हणजे वरचा की खालचा?"
तिला हे केव्हापासून येतं.
सगळे खो खो हसले, तिला.

त्या हसण्याखाली
नाहुएलचा माइक बंद झाला.
त्याला एकट्याला
कुणीतरी दोन शब्द लिहिले असणार.

"खालचा," मी म्हटलं,
आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.