मागच्या सीटवरचा डाग

अशोक चौकात, टपरीवर, अप्पा एवढंच म्हणाले,
'गाडी घेऊलालो,'
आणि पुढचे तीन आठवडे
कुणाचाच चहा वेळेवर संपला नाही.

डिझेल नको, बिराजदार म्हणाले, कधी बंद करतील नेम नाही.
सीएनजी घ्या, मुजीब नदाफ म्हणाला,
रांगेत उभं राहावं लागतं, पण त्याची आपल्याला सवय आहे.
सनरूफ? सोलापुरात?
भट्टीचं झाकण उघडून कोण बसतं बे?

त्याच दमात, तेच बिस्कीट बुडवत
यंदा कोण येणार तेही ठरत होतं.
हा नको, ह्याचं सर्व्हिसिंग पुण्यात.
तो बरा, पण चढावर दम टाकतो.
त्याचा थोरला भाऊ चांगला होता.
ते जुनं मॉडेल हो, आता पार्ट मिळत नाहीत.
'बाहेरून चकाचक, आतून पत्रा,'
ह्यावर सगळ्यांचं एकमत झालं.
कशाबद्दल, ते मला अजून माहीत नाही.
मी अप्पांना घ्यायला आलेली,
स्कूटी चालू ठेवून.

मला कुणी विचारलं नाही.
कर्ज माझ्या नावावर.
सात रस्त्याजवळच्या दवाखान्यात मी एक्स-रे काढते,
श्वास रोखा म्हणते, सोडा म्हणते.
साठ हप्ते.
म्हणजे एक अख्खं सरकार.
बँकेतल्या पोराला हे सांगितलं,
तो हसला नाही, म्हणाला, इथे सही.

गाडी आली मतदानाच्या आदल्या संध्याकाळी.
लिंबू, नारळ, बॉनेटवर कुंकवाचा हात.
गल्लीत पाणी यायचा तो पाचवा दिवस,
म्हणून निम्मे लोक घागरी भरत होते
आणि निम्मे घागरी ठेवून गाडी बघत होते.
वॉर्डातला श्रीनिवास आलाच.
उद्या दिवसभर द्या गाडी, पेट्रोल आमचं, वर अजून बघू काहीतरी.
अप्पा म्हणाले, स्टेअरिंग पोरीच्या हातात आहे, तिला विचार.
तीन आठवड्यांत पहिल्यांदा.
मी नाही म्हटलं. तो झेंडा गुंडाळून
पुढच्या घरी गेला.

सकाळी अकरालाच त्रेचाळीस.
विडी घरकुलात नरसम्मा दारात उभी,
स्लिप पदराच्या गाठीत.
रिक्षावाला येतो म्हणून गेला होता
तो दुसऱ्या पक्षाच्या फेऱ्यांत अडकला.
बस, म्हटलं.
तिनं चपला काढून हातात घेतल्या.
अगं, घालून बस.
नाही बसली तशी. मांडीवर चपला,
पाय प्लास्टिकवर अधांतरी,
पन्नास वर्षं तंबाखू वळून पिवळी पडलेली बोटं
काचेच्या बटणापासून जपून लांब.
'एसी वद्दम्मा,' थंडी वाजते म्हणाली.
मी बंद केला. दोघी शिजत गेलो
महापालिकेच्या शाळेपर्यंत.

कुणाला दिलंस, मी विचारलं नाही.
तिनंच परतताना विचारलं,
केवढ्याला पडली?
मी आकडा सांगितला.
ती बराच वेळ ओठ हलवत राहिली,
हजाराच्या मजुरीत त्याच्या किती विड्या होतात
ते मोजत असावी.
मग म्हणाली, 'घाण नको व्हायला,'
आणि हात टेकून उतरली.

शाई ओली होती.

टूथपेस्ट झाली, लिंबू झालं,
मुजीबनं पेट्रोलचा बोळा दिला.
प्लास्टिक जिथं फाटलं होतं नेमकं तिथं,
फिक्या सीटवर, जांभळा, मग काळा,
बोटाच्या पेराएवढा.
निकाल लागला. ज्याचं सर्व्हिसिंग पुण्यात तोच आला.
टपरीवर सगळे म्हणाले, आम्ही म्हणतच होतो.

पहिल्या सर्व्हिसिंगला पोरगा म्हणाला,
मॅडम, कव्हर घाला, झाकून जाईल.
माझ्या नखावरची रेघ तोवर वाढून
कापलीही गेली होती.
नरसम्माचं मात्र अजून अर्धं नख काळं,
तिची नखं सावकाश वाढतात.

राहू दे, म्हटलं.
चोपन्न हप्ते बाकी आहेत.