सहा तास

सक्तीच्या रजेवर पाठवलंय मला.
पत्रात लिहिलंय, विश्रांती हा कामाचाच भाग आहे.
म्हणून मी दिवाडीला, सुलक्षामावशीच्या सोप्यावर,
मांडीवर फणसाच्या गऱ्यांची ताटली
आणि कानात इद्रिस:
"मॅडम, तिसऱ्या नाक्यावर पोरं बदललीत.
कालचा कागद यांना चालत नाही."

घरात रेंज येते नि जाते.
मी बांदावर जाते, चप्पल न घालता.

अठरा ट्रक. चारशे ताडपत्र्या, क्लोरीनच्या गोळ्या,
आणि लसींचे बारा खोके,
ज्यांतला बर्फ संध्याकाळपर्यंतच बर्फ आहे.
दोन्ही बाजूंनी मिळून दिलेली शांतता: सहा तास.
ती मागायला एकेचाळीस दिवस लागले.
एका कर्नलला यादीवर शिक्का हवा होता,
दुसऱ्याला तोच शिक्का नको होता.
पैसे देणाऱ्यांना फोटोत आमचं चिन्ह ठळक हवं,
चालकांना ते चिखलाने झाकून हवं.
माझं काम म्हणजे
एकच खरी गोष्ट चार रकान्यांत अशी मांडणं
की कुणालाच ती आपल्या विरुद्ध वाटू नये.

मावशीने काल विचारलं, तू तिथं नेमकं करतेस काय?
फोन करते, म्हटलं.
मामलेदार कचेरीत करतात तसं?
साधारण तसंच.
ती बरं म्हणाली आणि सोलं उन्हात घालायला गेली.

"मॅडम?"
कुठला कागद चालेल, विचार त्यांना.
तो विचारतो. मी ऐकते:
एक शिट्टी. एक शेळी. मग कुणीतरी हसतं.
हसलं म्हणजे बरं. हसणाऱ्याशी बोलता येतं.

मानशीजवळ कायतान उकिडवा बसलाय.
भरती चढते तशी लाकडी झडप पाण्यानेच मिटत येते,
ओहोटीला पाण्यानेच उघडेल.
मग तू इथं काय करतोस रे?
"कितें ना गो बाय. दारांत लांकूड अडकूंक जायना, इतलेंच."
आणि चिखलात हात घालून
तो खेकड्याचं एक भोक बुजवतो, बोटाएवढं.
रात्रभर राहिलं तर सकाळी अख्खं शेत खारं.

तीन तास दहा मिनिटं.
पोरांना एक ट्रक हवाय. कुठलाही.
आम्ही देत नसतो. हे मी इतक्यांदा म्हटलंय
की माझा आवाज टेपसारखा येतो.
इद्रिस गप्प. त्याच्यामागे सतरा इंजिनं सुरू,
कारण अठरावं आपणच बंद पडलंय. पंप गेला.
दोन तास चाळीस.
खोके काढा, म्हणते मी. खोके आणि गोळ्या.
दुसऱ्या गाड्यांत कोंबा. माणसं टपावर.
"आणि ताडपत्र्या?"
किती मावतील?
"साठ राहतील, मॅडम."

पलीकडे फेरी सुटते.
एका स्कूटरवाल्यासाठी परत धक्क्याला लागते.
एक तास पाच.
शेवटचा संदेश पाच शब्दांचा येतो:
पोहोचलो. बर्फ आहे. मी झोपतो.

रात्री फोटो येतो. मागितलेला नव्हे.
तिसरा नाका, आमच्या ताडपत्रीचं छप्पर,
खाली चार पोरं, एकालाही नीट मिशी नाही,
बंदुका मांडीवर,
आणि सावली.

तक्त्यात साठांसाठी दोनच रकाने आहेत:
वितरित. गहाळ.
मी कर्सर एकात नेते, मग दुसऱ्यात.
बाहेर पाणी उतरायला लागलंय,
झडप करकरते, आणि अंधारात
कायतानची बॅटरी बांदावरून हळूहळू चालत जाते,
मध्येच थांबते,
खाली वाकते.